चुडाव्याचा अनवाणी कप्तान

पायाखाली चेंडू दाबून धरायचा, कमरेवर हात ठेवायचे आणि अंगावर धावून येणाऱ्या गड्याला म्हणायचं, "या पावणं, बसा." हा आमच्या कप्तानाचा खेळ. पाहुणा बिचारा खरंच क्षणभर थबकायचा. आपल्याकडे कुणी 'या, बसा' म्हटलं की चालता माणूस थांबतोच, ते अंगात मुरलेलं असतं. तेवढ्यात कप्तान त्याच्या शेजारून निघून गेलेला असायचा आणि कडेला बसलेले आम्ही सगळे त्या पाहुण्याला ओरडून सांगायचो, "चहा घेऊनच जा."

खरं तर तो कप्तान कधीच नव्हता. त्याचं नाव लिंबाजी. चुडाव्याच्या संघाचा कप्तान होता गोलकीपर भीमराव. नाणेफेक भीमरावची, कागदावर सही भीमरावची, रेफरीशी भांडणंही भीमरावचीच. पण लोकांनी लिंबाजीला कप्तान ठरवलं होतं आणि लोकांनी एकदा ठरवलं की सरकारही काही करू शकत नाही. भीमराव स्वतः त्याला "ए कप्तान, मागं ये" अशी हाक मारायचा. बाहेरगावचे रेफरी चक्रावून जायचे.

आमच्या भागात खेळ म्हणजे कुस्ती नाहीतर हुतूतू. फुटबॉल आला तो रेल्वेबरोबर. पूर्णा जंक्शनच्या वसाहतीत हैदराबादकडून बदलून आलेली माणसं संध्याकाळी चेंडू लाथाडायची. लिंबाजी चुडाव्याहून पॅसेंजरने वसाहतीत दूध घालायला जायचा. एकदा चेंडू घरंगळत त्याच्या किटलीपाशी आला. त्याने किटली खाली न ठेवता पायाने तो परत पाठवला, थेंबभरही दूध सांडलं नाही, आणि तिथले लोक म्हणाले, उद्या किटली घरी ठेवून ये. ही हकिगत त्याने स्वतः मला सांगितलेली. थेंबाबद्दल मला शंका आहे, पण बाकीचं खरं असावं.

खेळता खेळता तो कडेच्या माणसांशी बोलायचा. चेंडूवर पाय, तोंड आमच्याकडे. "आप्पा, म्हैस व्याली का?" हे आप्पा म्हणजे स्टेशनबाहेरचे हॉटेलवाले मन्मथआप्पा. आप्पा उत्तर द्यायला तोंड उघडायचे, समोरचा खेळाडू म्हशीची बातमी ऐकायला मान वळवायचा आणि चेंडू गोलात. आप्पा नंतर प्रत्येकाला सांगायचे, तो गोल माझ्या म्हशीचा. कोण आलं, कोण नाही, हे कप्तानाला पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. एखादा रविवारी दिसला नाही तर सोमवारी त्याच्या दारात उभा. "काल कामून आला न्हाईत? बरं हाय ना?" आम्ही त्याच्यावर जीव टाकायचो त्याचं अर्धं कारण हे होतं.

बूट त्याने कधी घातले नाहीत. "बूट घातला की जमीन कळत न्हाई," असं त्याचं म्हणणं. आम्ही सगळ्यांनी मिळून नांदेडहून त्याच्यासाठी खिळ्यांचे बूट आणले. हार घालून दिले. त्याने वाकून नमस्कार करून घेतले. पुढच्या रविवारी मैदानावर पुन्हा अनवाणी. विचारलं तर म्हणाला, "लय कामाचे हायेत. चिखलात पाणी धराया जातो तवा घालतो. आजाबात घसरत न्हाई." ज्वारीच्या रानात खिळ्यांचे बूट घालून फिरणारा तो जिल्ह्यातला एकमेव शेतकरी असणार.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात काही जळलं नाही, पण माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. मैदान ओस पडलं. भीमराव बौद्ध. तो खेळायला येईना आणि त्याला बोलवायची कुणाची छाती होईना. मी शाळेत समतेचा धडा शिकवणारा मास्तर, पण तेव्हा शाळा सुटली की घरी जाऊन कडी लावत होतो. गप्प बसणं ही माझी जुनी खोड आहे, पुढे तिने मला चांगलंच छळलं. कप्तान मात्र काखेत चेंडू घेऊन भर दुपारी सगळ्यांच्या देखत भीमरावच्या दारात गेला. भीमरावची आई म्हणाली, पोरगा येणार नाही. "बरं मावशी, पाणी तरी द्या," म्हणून तो तिथंच बसला. पाणी प्याला, भाकरी खाल्ली, संध्याकाळी परत आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भीमराव बाहेर आला आणि म्हणाला, "येतो. पण निस्तं मैदानावर संगं न्हाई. आप्पाच्या हाटेलात बी एकाच कपात च्या प्यायचा." कप्तान तसाच हॉटेलात गेला. तिथे भीमरावच्या वस्तीतल्यांचे कप वेगळे, बाहेर कोनाड्यात ठेवलेले असत. त्याने ते आणून आतल्या कपांत मिसळले आणि आप्पांना म्हणाला, "आता वळखून दावा." आप्पा तास दोन तास धुमसले आणि मग त्यांनी चहा टाकला.

आता माझं काम सांगतो. आमचं घर गुरवाचं, गावच्या मारुतीची पूजा आमच्याकडे. त्यामुळे मी मास्तर असलो तरी सामन्याआधी नारळ फोडायचा मान माझा. आमची रीत अशी की नारळ आपल्याच गोलपाशी फोडायचा, म्हणजे मारुती तिथे राखणीला उभा राहतो. भीमराव गोलात उभा राहून हसत म्हणायचा, "फोडा गुर्जी, फोडा. पर चेंडू आला की उडी मलाच मारावी लागती." चुडाव्याच्या मैदानावर त्यासाठी गोलशेजारी एक दगड पडलेला असायचा. नारळ त्यावर आपटायचा, दोन शकलं व्हायची, काम संपलं.

दोन वर्षांनी आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. सामना परभणीला. नांदेडच्या एका गिरणीचे साहेब कप्तानाला बघायला येणार होते. पसंत पडला तर गिरणीच्या संघात जागा आणि कायमची नोकरी. सगळं गाव पॅसेंजरने परभणीला गेलं. मी पिशवीतून नारळ नेला होता. मैदानावर जाऊन बघतो तर दगड नाही. रेफरीने शिट्टी तोंडात धरलेली. मी घाईघाईने नारळ गोलच्या लाकडी खांबावर आपटला. तो दोन शकलं व्हायच्या ऐवजी फुटून चहूकडे उडाला. दिसले तेवढे तुकडे उपरण्यात गोळा केले आणि पळत बाहेर आलो. आपला गोल आहे, इथे फक्त भीमराव उभा राहणार आणि त्याच्या पायात बूट आहेत, असा विचार मी केला. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं सामने बघत होतो. पण त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

मध्यंतराला आम्ही एका गोलने पुढे होतो. नंतर बाजू बदलल्या आणि ज्या गोलपाशी मी नारळ फोडला होता, त्याच गोलवर कप्तान चढाई करू लागला. दहाएक मिनिटं झाली असतील. चेंडू पायात, समोर फक्त गोलकीपर. कप्तानाने पाय उचलला आणि मारायच्या ऐवजी तो खाली बसला. उजवा तळवा दोन्ही हातांनी धरून बसला. बोटांतून रक्त येत होतं. भीमराव मैदानाच्या त्या टोकापासून धावत आला. "काय लागलं?" कप्तान म्हणाला, "काच." त्याला उचलून दवाखान्यात नेलं. आम्ही सामना हरलो. गिरणीचे साहेब मध्येच उठून गेले.

लोक परभणीच्या मैदानवाल्यांना शिव्या देत स्टेशनकडे निघाले, तेव्हा मी मागे राहिलो. कप्तान पडला होता तिथलं गवत चाचपलं. करवंटीचा एक तुकडा सापडला. बोटाच्या पेराएवढा, टोकदार. मी तो मुठीत धरला आणि परतीच्या प्रवासात पूर्णा नदीच्या पुलावरून खाली फेकून दिला. डब्यात सगळे काचेबद्दल बोलत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो.

कप्तानाचा पाय चिघळला. महिनाभर दवाखाना झाला. पाय राहिला, पण तळव्यातली एक शीर आखडली आणि दोन बोटं वळेनाशी झाली. चालताना तो उजवा पाय जरा फेकायचा. धावणं संपलं, नोकरी तर आलीच नाही. तो शेतीला लागला. त्याचा स्वभाव मात्र होता तसाच राहिला. रविवारी मैदानाच्या कडेला बसून तो खेळणाऱ्यांनाच हाका मारायचा, "आरं चेंडू बग, माज्याकडं काय बगतूस?" आणि आप्पांच्या हॉटेलात रोज संध्याकाळी त्याचे जुने गोल पुन्हा व्हायचे. दर वर्षी ते दोन-दोन हात लांबून मारलेले होत गेले. परभणीची काचही वाढत गेली. आधी तुकडा होता, मग अर्धी बाटली झाली. परभणीचा कुणी पाहुणा हॉटेलात आला तर आप्पा त्याला चहा द्यायचे आणि वर ऐकवायचे, "तुमच्या गावानं आमचा हिरा फोडला."

अशा वेळी मी वह्या तपासायच्या आहेत म्हणून उठून जायचो. अकरा वर्षं हे चाललं. कप्तान रस्त्यात भेटला की मी त्याच्या तोंडाकडे बघायचो, पायाकडे कधीच नाही. आधी आम्ही रोज तासन्तास बोलत असू, ते बोलणं राहिलं नाही. तोही पहिल्यासारखा माझ्या ओट्यावर येऊन बसेना. मला वाटायचं, याला ठाऊक आहे. ठाऊक असूनही कुणाला सांगत नाही, म्हणून तर जास्त लाज वाटायची. मारुतीपुढे दिवा लावताना मी अनेकदा ठरवलं की आज सांगायचं, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन जेवून झोपलो.

मग माझी बदली झाली, चारठाण्याला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी कप्तानाच्या घरी गेलो. सांगितल्याशिवाय गाव सोडलं तर मेल्यावरही सुटका नाही असं वाटत होतं. तो ओट्यावर बसून दोर वळत होता.

"कप्तान, तुमचा पाय माझ्यामुळे गेला," मी उभ्या उभ्याच म्हणालो. मग दगड नव्हता इथपासून पुलावरून तुकडा फेकला इथपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्याचा हात थांबला. मग त्याने घरात तोंड करून हाक मारली, "आगं, बाहीर ये. गुर्जी म्हणायलेत, नारळानं पाय गेला."

वहिनी पिठाचे हात घेऊनच बाहेर आल्या. "कशाचा नारळ?" त्या म्हणाल्या. "बाभळीचा काटा व्हता. सामन्याच्या चार दिस आधी रानात भरला. म्या सुईनं काढाया गेले तर निम्मा आतच तुटला. बिब्ब्याचा चटका दिला. पाय ह्यो एवढा सुजला व्हता. म्हणलं, नका जाऊ. आईकतेत व्हय हे?"

कप्तान खाली बघत होता. मी त्याला इतका ओशाळलेला कधी पाहिला नव्हता.

"त्यो साहेब येणार व्हता ना गुर्जी," तो म्हणाला. "पट्टी बांधून गेलो आसतो तर भीमरावनं बसवलं आसतं. म्हणून पट्टी काढली आन भोकावर माती चोळली. कुणाला दिसू नये म्हणून. गोल मारायला गेलो आन आतून फुटलं. डाक्टरनं निम्मा काटा काढून माज्या हातात दिला."

"मग काच कशाला म्हणालात?"

"निगून गेलं तोंडातून. मंग सगळं गाव परभणीला शिव्या द्यायलं, मला सांगवंना. संघ माज्यामुळं हरला. नोकरीच्या पायी लपवलं म्या." त्याने दोर बाजूला ठेवला. "आन मला वाटायचं, तुमाला समजलंय. त्या दिसापासून तुमी माज्या पायाकडं बगंना गेलात. म्हणलं, गुर्जीला खोटं कळलं, म्हणून तोंड फिरवायलेत."

मी ओट्यावर त्याच्या शेजारी बसलो. अकरा वर्षांचं ओझं एका बिब्ब्याने उतरवलं होतं. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले, मग पुन्हा हसू. कप्तानही हसायला लागला आणि उपरण्याने तोंड पुसत राहिला. वहिनी दोघांकडे बघत म्हणाल्या, "दोघं बी येडे. एकानं तरी इचारायचं का न्हाई?" आणि भाकऱ्या करपतील म्हणून आत गेल्या.

"चला," कप्तान उठून म्हणाला, "आता सगळ्यायला सांगून टाकू. बिचारी परभणी उगंच शिव्या खायलीय."

हॉटेलात आप्पा होते, भीमराव होता, आणखी चार-सहा जुने लोक होते. कप्तानाने उभं राहून सगळं सांगितलं. काटा, बिब्बा, माती, साहेब, काही वगळलं नाही. माझ्या नारळाचंही सांगितलं. मग आप्पा म्हणाले, "काच व्हती."

"आप्पा, काटा व्हता."

"म्या माज्या डोळ्यानं पाहिली. हिरवी. सोड्याच्या बाटलीची."

"आप्पा, पाय माजा हाय."

"पाय तुजा आसंल. पर तू पडल्याला व्हतास, तुला काय दिसलं? आमी समोर बसून बगत व्हतो." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. एकाने तर काच कुठे पडली होती तेही सांगितलं. नारळाच्या बाबतीत आप्पांचं म्हणणं असं पडलं की मारुतीचा नारळ कुणाच्या पायात जाणारच नाही, गुरुजींना उन्हामुळे तसं वाटलं असेल.

कप्तान त्यांचं ऐकत नव्हता. तो भीमरावकडे बघत होता. खरा कप्तान भीमराव होता आणि लपवलं होतं ते त्याच्यापासून. भीमरावने बशीतला चहा संपवला. "सांगितलं आसतंस तर म्या तुला बसवलं आसतं," तो म्हणाला. "आन आपुन पाच गोलानं हरलो आसतो. बस, च्या घे." कप्तानाने इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू गेला. मग तो बसला आणि त्याने चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला पोचवायला स्टेशनवर आला. माझी वळकटी त्याच्या खांद्यावर. फलाटावर तो पुढे चालत होता आणि मी मागून त्याच्या पायाकडे नीट बघत होतो, अकरा वर्षांत पहिल्यांदा. उजवा पाय फेकत, पण झोकात चालला होता. गाडी आली. त्याने खिडकीतून वळकटी आत दिली. "चारठाण्याला जुनी देवळं लय हायेत म्हणतेत," तो म्हणाला. "मैदान हाय का तेवढं बगा आन कळवा." मग त्याने खिडकीच्या गजांवरचा माझा हात दाबला आणि गाडी हलली.

पूर्णा स्टेशन मागे पडलं आणि अचानक मला तो गोल आठवला. त्याच सामन्यातला, मध्यंतराच्या आधीचा. हॉटेलात शेकडो वेळा सांगितला गेलेला, आणि मी प्रत्येक वेळी उठून गेलेलो. आता तो डोळ्यांपुढे आला. कप्तान मैदानाच्या मधोमध, पाठीमागे एक, समोर दोन. सुजलेल्या पायाने त्याने चेंडू नुसता डावीकडे सरकवला आणि स्वतः उजवीकडून गेला. ते दोघे त्याच्या मागे गेले, चेंडूच्या मागे कुणीच नाही. वळसा घालून तो चेंडूला पुन्हा भेटला. गोलकीपर पुढे आला तसा याने डाव्या पायाने चेंडू हळूच त्याच्या बाजूने आत घातला. गाव उभं राहिलं होतं. मीही उभा राहिलो होतो, नाचलो होतो, शेजारच्या माणसाला मिठी मारली होती. इतकं सुख मला झालं होतं आणि ते मी पार गमावून बसलो होतो.

समोरच्या बाकावर झरीचा एक शेतकरी बसला होता. माझ्याकडे बघत होता. "काय वो, एकलेच हासायलात?" त्याने विचारलं.

"फुटबॉल बघितलाय का कधी?" मी म्हणालो.

तो नाही म्हणाला. मी वळकटी उचलून मांडीवर घेतली, त्याला शेजारी जागा करून दिली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.